उंबराखालचा टाक

लोहचुंबक दोऱ्याला बांधून मालनबाईंनी तो आवारातल्या मातीतून ओढत नेला आणि वर उचलला. त्याच्या दोन्ही टोकांना बारीक काळे केस फुटले होते.

"बाई, ह्याला मिशा आल्या," मयूर म्हणाला.

"तुझ्या पप्पांपेक्षा दाट आहेत," श्रेया म्हणाली.

मुलं हसली. मालनबाईंनी त्यांचं हसणं संपू दिलं. हसणाऱ्या मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही आणि हसून झालेल्या मुलाच्या डोक्यात पटकन शिरतं, हे महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवताना त्यांना केव्हाच कळलं होतं. निवृत्त झाल्यावरही मे महिन्यात त्या आजूबाजूच्या चाळींतल्या मुलांना गोळा करत. कधी साबणाचे फुगे, कधी भिंगं. यंदा मेटल डिटेक्टर.

"हे लोखंडाचे कण," त्या म्हणाल्या. "आपली भोईवाड्याची टेकडी लाव्हारसाची. तो थिजला, त्याचा हा काळा दगड झाला. दगड झिजला, त्याची ही माती झाली. दगडातलं लोखंड मातीत उतरलं. वर चाळ बांधताना भराव घातला, तोही गिरणीच्या बॉयलरमधल्या खंगरांचा, म्हणजे जळून दगड झालेल्या कोळशाचा. आता सांगा, अमितदादाचं मशीन इथे सारखं का बोंबलतं?"

"त्याला सगळीकडेच धातू दिसतो," श्रेया म्हणाली.

"दिसत नाही, ऐकू येतो. पण बरोबर."

अमित त्यांचा जुना विद्यार्थी. सुट्टीच्या दिवशी समुद्रकिनारी हरवलेल्या अंगठ्या शोधत फिरायचा त्याला नाद. यंत्र देताना त्याने सांगितलंच होतं, "वाळूत मस्त चालतं, बाई. आपल्या काळ्या दगडात येडं होतं."

यंत्र मागवलं होतं ते श्रेयाच्या आजीसाठी, बकुळाताईंसाठी. शेजारची त्यांची चाळ आता पाडायची होती. बहुतेक बिऱ्हाडं हलली होती, शनिवारी खोदाईचं मशीन येणार होतं. त्याआधी बकुळाताईंना आवारातून एक वस्तू हवी होती.

गिरण्यांच्या मोठ्या संपाच्या वर्षी, घरातलं एकेक भांडं बाहेर जाऊ लागलं तेव्हा, त्यांच्या सासूबाईंनी, लक्ष्मीबाईंनी, देव्हाऱ्यातला टाक फडक्यात गुंडाळून आवारात पुरला होता. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर कुलदेवीचं रूप ठोकून उठवलेलं. मुलांनी तो सोनाराकडे नेऊ नये म्हणून ही लपवालपवी. "उंबराच्या बाजूला ठेवलाय. संप मिटला की काढीन," एवढंच त्यांनी सुनेला सांगितलं. संप मिटण्याआधी लक्ष्मीबाईंची वाचा गेली आणि मग त्या गेल्या. बकुळाताईंनी सांगितलं तिथे सगळ्यांनी खणून पाहिलं. काही मिळालं नाही. धाकटा दीर बुधाजी चारचौघांत म्हणाला, "वहिनीनं देव मोडून खाल्ला." तेव्हापासून तो घोडपदेवला राहायला गेला, आणि त्याने बकुळाताईंच्या घरचं पाणी घेतलं नाही. भाऊ गेला तेव्हाही तो आवाराच्या फाटकाशी उभा राहिला आणि तिथूनच स्मशानात गेला.

"मला चांदी नको गो बाई," बकुळाताई मालनबाईंना म्हणाल्या होत्या. "भावजींच्या हातात ठेवायचाय तो. मग चाळ पाडा, नायतर मला पाडा."

मुलांच्या हातात यंत्र देण्याआधी मालनबाईंनी त्याची पुस्तिका वाचून काढली. अशा जमिनीत यंत्राला आधी जमीन ऐकवावी लागते. त्याची तबकडी मातीवर खालीवर, खालीवर करायची आणि आवाज बसेपर्यंत बटण फिरवायचं. मग यंत्र जमिनीकडे दुर्लक्ष करतं. पण आवाज फार बसवला तर ते चांदीकडेही दुर्लक्ष करतं. म्हणून शोधायची तशीच एक वस्तू आधी स्वतः पुरायची आणि ती कशी बोलते ते कानात साठवायचं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

शोधायची तशीच वस्तू म्हणजे टाक. आणि कुणाच्या देव्हाऱ्यातला देव उचलून, आम्ही जरा मातीत पुरतो, असं कुणाला म्हणणार?

मालनबाईंकडे मात्र एक टाक होता. त्यांच्या आजोबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव शिवडीच्या खाडीत सोडले होते. आजीने एक मागे ठेवला, तिच्या आईने दिलेला म्हणून. त्याला कधी फूल वाहिलं नाही. तो सुयांच्या डब्यात असायचा आणि मालनबाईंना तो सुयांच्या डब्यातली एक वस्तू म्हणूनच माहीत होता. एका सकाळी आवारात कुणी नसताना त्यांनी तो उंबराजवळ वीतभर खोल पुरला. तबकडी फिरवली. खंगरांवर यंत्र कुरकुरत होतं, आवाज तुटत होता. टाकावर आल्यावर मात्र गोल, स्वच्छ सूर आला, दोन्ही बाजूंनी तसाच. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टाक तिथेच राहू दिला. दुपारी मुलांना म्हणायचं, मी एक वस्तू लपवली आहे, ओळखा आवाजावरून. खुणेला त्यांनी विटेचा तुकडा ठेवला, यंत्र उंबराला टेकवलं आणि त्या जेवायला घरी गेल्या.

मुलांना दुपारपर्यंत धीर धरवला नाही.

मालनबाई परत आल्या तेव्हा आवारात गर्दी होती. विटेचा तुकडा कुणीतरी लाथाडला होता. खड्ड्याशी श्रेया मातीने माखलेल्या हातांनी उभी होती, आणि तिच्यासमोर बकुळाताई जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी टाक कपाळाला लावला होता. आवाज न करता त्या रडत होत्या, फक्त पाठ हलत होती.

"बाई, तुम्ही शिकवलं तसंच केलं," श्रेया म्हणाली. "खालीवर, खालीवर, मग बटण. गोल आवाज आला."

मालनबाईंनी तोंड उघडलं. त्यांना वाटलं, आत्ता नको. हिचं रडणं संपू दे, मग सांगू. आयुष्यभर त्या असंच करत आल्या होत्या. समोरच्याचं हसणं-रडणं संपू द्यायचं आणि मग बोलायचं.

पण बकुळाताईंचं रडणं संपलं तेव्हा त्यांच्या हातात फोन होता. "भावजी," त्या म्हणत होत्या, "सापडला. हो. उंबराखालीच. या तुम्ही. गुरुवारी या, देवीचा वार नसला तरी चालतो."

पलीकडून काय आलं ते कुणाला ऐकू आलं नाही. बकुळाताईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "येतो म्हणाला. वहिनी म्हणाला मला."

आता सांगायला हवं होतं. आता ते पहिल्यापेक्षा अवघड झालं होतं.

संध्याकाळी बकुळाताई वाटीभर खीर घेऊन मालनबाईंच्या दाराशी आल्या. "देवीला दाखवली आधी. घ्या. तुमच्यामुळं झालं."

"मुलांमुळे," मालनबाई म्हणाल्या.

"मुलांना कुणी शिकवलं?"

मालनबाईंनी खीर खाल्ली. ती चांगली झाली होती, वेलची घातलेली. वाटी धुऊन परत द्यायला निघताना त्यांनी मनाशी वाक्य जुळवलं, आणि बकुळाताईंच्या खोलीत शिरताच समोर देव्हारा दिसला. सामान बांधून झालं होतं, फक्त देव्हारा तेवढा मांडलेला होता. मधोमध मालनबाईंच्या आजीचा टाक, हळदीकुंकवाने भरलेला. बरोबर शेजारी लक्ष्मीबाईंचा फोटो. मालनबाई वाटी ठेवून निघून आल्या.

रात्री त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. टाकावरची देवी झिजलेली, नाक-डोळे पुसलेले, कुणाचीही असू शकते. भावजयीची आणि दिराची गाठ पडणार आहे. कुणाचं काय बिघडलं? पण बिघडत होतं. मुलांनी शोध थांबवला होता. खरा टाक अजून त्या आवारात कुठेतरी असेल, तर शनिवारी तो खोदाईच्या दातांत जाणार होता, आणि पुढे कुणी त्याला शोधणार नव्हतं, कारण तो सापडलेला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात श्रेयाने हात वर केला.

"बाई, टाक इतकी वर्षं मातीत होता ना? मग त्याच्या खाचांत माती का नव्हती? नुसती वरवर होती. मी फुंकली तर उडाली."

चांगला प्रश्न होता. अशा प्रश्नाला मालनबाई एरवी म्हणत, शाब्बास, आता तूच सांग. मुलं त्यांच्याकडे बघत होती.

"चांदीला माती चिकटत नाही," त्या म्हणाल्या.

"अच्छा," श्रेया म्हणाली आणि खाली बसली.

लहान गोष्ट होती. कुणाच्या लक्षातही आली नाही. पण मालनबाईंनी इतक्या वर्षांत मुलाला 'मला माहीत नाही' असं हजारदा सांगितलं होतं, 'उद्या बघून सांगते' असं सांगितलं होतं, जाणूनबुजून चुकीचं असं कधी सांगितलं नव्हतं. वर्ग सुटल्यावर जिन्यात त्यांना मयूरचा आवाज ऐकू आला. तो खालच्या मजल्यावरच्या प्रीतीला समजावत होता, "अगं, चांदीला माती चिकटतच नाही. सायन्स आहे ते. बाईंनी सांगितलं."

त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. दिवसभर त्यांना तेच वाक्य ऐकू येत राहिलं. पानवाल्याशी बोलताना, भाजी निवडताना. बाईंनी सांगितलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी श्रेयाला नळावर गाठलं. ती बादली भरत होती.

"काल मी तुला चुकीचं उत्तर दिलं," मालनबाई म्हणाल्या. "चांदीला माती चिकटते. इतकी वर्षं पुरलेला टाक काळा पडतो, खाचांत माती घट्ट बसते. तू बरोबर बघितलंस."

श्रेयाने नळ बंद केला. "मग हा टाक?"

"तो माझा आहे. त्याच सकाळी मी पुरला होता, मशीनचा आवाज समजावा म्हणून. तुम्हाला सांगणार होते. सांगितलं नाही."

श्रेयाने बादलीत पाहिलं. "आजीला माहितीय?"

"आता सांगायला चालले आहे."

"मयूरनेही ऐकलं ना, चिकटत नाही म्हणून. त्याने सगळ्यांना सांगितलं असेल. तो सगळ्यांना सांगतो."

"त्यालाही मीच सांगेन."

 श्रेयाने बादली उचलली, आणि नेहमीसारखं 'बाई, तुम्ही चला, मी आणते तुमचीपण' असं म्हटलं नाही.

बकुळाताई वाती वळत बसल्या होत्या.

"बकुळाताई, हा टाक तुमचा नाही."

"माझा कसा असेल? देवीचा तो."

"तसं नाही. माझ्या आजीचा आहे. मशीन तपासायला मीच उंबराजवळ पुरला होता. मुलांना तो सापडला."

बकुळाताईंचे हात थांबले. अर्धी वळलेली वात त्यांनी ताटलीत ठेवली.

"तुमच्यात असतात टाक?"

"पूर्वी होते. आजोबांनी सगळे सोडले, आजीनं हा एक ठेवला. पूजा नाही केली कधी. सुयांच्या डब्यात असायचा."

"म्हंजे दोन दिस मी सुयांच्या डब्याला निवद दाखवतेय." त्या हसल्या नाहीत. "माझ्या हातात पडला तेव्हा तुम्ही आलात ना तिथे?"

"आले होते."

"भावजींना फोन लावला तेव्हा?"

"तेव्हाही होते."

"खीर खाल्लीत."

"खाल्ली."

बकुळाताईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग फोटोकडे. "एवढ्या बायका होत्या, कुणी काय बोललं असतं तर मी ऐकलं असतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही गप्प राहिलात म्हणून मला खरं वाटलं. बाई आहेत, चुकलं असतं तर बोलल्या असत्या, असं."

मालनबाईंनी ताटलीतली अर्धी वात उचलली आणि परत ठेवली.

"आज येणार तो. काय सांगू त्याला?"

"मी सांगते."

"तुम्हीच सांगायचं. माझं ऐकून त्याने कधी काय केलंय?" बकुळाताईंनी उठून टाक देव्हाऱ्यातून काढला. हळदीकुंकू न पुसता पाटावर ठेवला. "बसा इथे. तो येईपर्यंत हलायचं नाही."

बुधाजी अकराच्या सुमारास आला. उंच, वाकलेला माणूस. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात वहिनीसाठी साडीची पिशवी. दारात त्याने चपला काढल्या आणि क्षणभर थांबला. चौकट ओळखीची वाटते का ते बघावं तसा.

"या भावजी," बकुळाताई म्हणाल्या.

श्रेयाने पाण्याचा तांब्या-भांडं पुढे केलं. त्याने भांडं हातात घेतलं.

"पाणी प्यायच्या आधी माझं ऐका," मालनबाई म्हणाल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, वर्गात सांगतात तसं, एकापुढे एक. कुठे पुरला, का पुरला, कधी गप्प राहिल्या, किती वेळा.

बुधाजीने भांडं खाली ठेवलं. पाणी तसंच होतं.

"म्हणजे पुन्हा तेच," तो म्हणाला. "आपला देव नाहीच सापडला."

"नाही."

"मग मी म्हणत होतो ते काय खोटं होतं?"

बकुळाताई भिंतीकडे बघत होत्या. 

"ते मला माहीत नाही," मालनबाई म्हणाल्या. "खोटेपणा झाला तो माझा, तेवढं मला माहीत आहे. सकाळी मी तुमच्या वहिनींना हे सांगितलं तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. त्या म्हणाल्या असत्या, राहू द्या, कुणाला कळतंय, तर कदाचित मी तेही ऐकलं असतं. तुम्ही आत्ता पूजेला बसला असता. त्यांनीच मला इथे बसवून ठेवलं."

बुधाजी पाटावरच्या टाकाकडे बघत राहिला. बोट पुढे करून त्याने त्यावरचं कुंकू थोडं सरकवलं, खालची झिजलेली देवी पाहिली.  बाहेर कुणीतरी कपाट जिन्यावरून उतरवत होतं, "जरा तिरकं घे रे, तिरकं."

"वहिनी राहू द्या म्हणाली असती तर चाललं असतं तिला," तो शेवटी म्हणाला, अर्धं स्वतःशीच. मग श्रेयाकडे वळला. "ते मशीन कुठंय?"

"खाली. मयूरकडे."

"आणि फावडं?"

आवारात ऊन तापलं होतं. मालनबाईंनी आजीचा टाक सगळ्यांसमोर पुन्हा पुरला, या वेळी त्यावर लाल चिंधी बांधलेली काठी रोवून, आणि मुलांना एकेकाला त्याचा आवाज ऐकवला. चुकीचं उत्तरही सांगितलं. मयूर म्हणाला, "म्हणजे मी आख्ख्या चाळीला येडा बनवलं?"

"तू नाही, मी," मालनबाई म्हणाल्या.

"पण नाव माझं आलं, बाई."

बुधाजी उंबराच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. "त्या वेळी आम्ही आता नळ आहे त्या अंगाला खणलं. पण तेव्हा नळ इथं नव्हता," तो म्हणाला. "तिकडे होता, भिंतीशी. आई भांडी घासायला तिकडे बसायची."

"हे आधी का नाय सांगितलंत?" बकुळाताईंच्या तोंडून निघून गेलं.

"मी शोधत होतो कुठे, वहिनी."

भिंतीच्या बाजूने श्रेयाने काम सुरू केलं. तबकडी खालीवर, खालीवर, बटण थोडं, पुन्हा खालीवर. यंत्र बोललं की मयूर खूण करायचा, बुधाजी खणायचा आणि काळा दगड वर यायचा. श्रेया तो तबकडीसमोर धरून बघायची, बोलला की बाजूला टाकायची. दगडांचा ढीग वाढत गेला. एकदा बाटलीचं बूच निघालं, एकदा गिरणीतल्या कसल्यातरी मशीनचा गंजलेला तुकडा. बुधाजीने तो तळहातावर फिरवून पाहिला आणि खिशात घातला.

उन्हं भिंतीवरून वर सरकली तेव्हा त्याने फावड्यावर हात टेकले. "श्रेया, पाणी आण गो."

श्रेया यंत्र मयूरकडे देऊन पळाली. बकुळाताई उंबराखाली बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. श्रेयाने त्यांच्याच खोलीतला तांब्या आणला. बुधाजीने तो तोंडाला न लावता वरून धार धरली, घटाघट प्यायला, आणि तोंड पुसून पुन्हा खड्ड्याकडे वळला.  बकुळाताईंनी पदराने चेहरा पुसला, घाम असावा तसा.

"उद्यापण येतो," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत वेळ आहे."

भिंतीच्या कोपऱ्यात यंत्र पुन्हा बोललं. तुटक नव्हतं, पण अगदी गोलही नव्हतं.

"खंगर असेल," मालनबाई सवयीने म्हणाल्या.

श्रेयाने त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. पण पूर्वी ती बाईंकडे बघून मान हलवायची आणि पुढे जायची, तसं तिने केलं नाही. ती लाल चिंधीच्या काठीपाशी गेली, पुरलेल्या टाकाचा आवाज पुन्हा एकदा नीट ऐकला, परत कोपऱ्यात आली आणि गुडघ्यांवर बसली.

"असेल, बाई," ती म्हणाली. "खणून बघते."